बोर्निओच्या वर्षावनात गटाबरोबर पहिल्यांदाच जाताना: नाव नोंदवल्यापासून परत येईपर्यंत

गटाबरोबर बोर्निओला जायचे ठरते, पैसे भरले जातात, आणि निघायला अजून पाच-सहा महिने उरलेले असतात. या काळात बहुतेक जण रोज रात्री फोनवर ओरांगउटानचे व्हिडिओ पाहतात आणि दिवस मोजतात. मीही पहिल्या खेपेला तेच केले. आम्ही पुण्याहून नऊ जण मलेशियातील साबा राज्यात गेलो आणि पहिले दोन दिवस आम्हाला जंगलात जवळजवळ काहीच दिसले नाही. प्राणी आणि पक्षी होते, गाइड बोट दाखवत होता, पण आमचे डोळे भलतीकडेच शोधत होते. काही वर्षांनी अकरा जणांचा दुसरा गट घेऊन तिथेच गेलो, तेव्हा मधले महिने तयारीत घालवले होते. त्या वेळी नवख्या मंडळींनीही पहिल्याच सकाळी धनेश स्वतः शोधून काढले. जंगल तेच होते आणि खर्चही साधारण तितकाच झाला होता.

हा लेख त्या दोन सहलींमधल्या फरकाविषयी आहे. बोर्निओ हे बेट मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई या तीन देशांत विभागलेले आहे. येथील सूचना त्यातील साबा या उत्तरेकडील भागासाठी आहेत, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांचे गट बहुधा तिथेच जातात.

१. ताडोबाची सवय घरी ठेवून जा

महाराष्ट्रातील बहुतेक निसर्गप्रेमींची जंगलाची ओळख जिप्सीत बसून झालेली असते. कोरडे पानझडी जंगल, मोकळे गवत, पाणवठा आणि रस्ता ओलांडणारा वाघ, हे चित्र डोळ्यांत पक्के असते. बोर्निओत वाघ नाही, उन्हाळ्यात आटणारे पाणवठे नाहीत आणि पानगळही नाही. महाराष्ट्रही कर्कवृत्ताच्या दक्षिणेलाच आहे, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या आपणही उष्ण कटिबंधातच राहतो. परंतु साबा विषुववृत्तापासून जेमतेम चार ते सात अंश उत्तरेला आहे आणि तिथे आपल्यासारखा आठ महिन्यांचा कोरडा काळ येत नाही. आंबोलीत चार महिन्यांत सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर साबातील डानुम व्हॅलीत वर्षभरात सुमारे २,८०० मिलिमीटर पडतो. आकडा आंबोलीच्या निम्म्याहूनही कमी, पण तो बारा महिन्यांत वाटला जातो, आणि त्यामुळेच ते जंगल कायम हिरवे, दाट आणि अंधारे राहते.

या जंगलातील जीवन पन्नास-साठ मीटर उंचीवरच्या पर्णछतात चालते. डानुममधील ‘मेनारा’ नावाच्या एका पिवळ्या मेरांती वृक्षाची उंची १००.८ मीटर मोजली गेली असून ही नोंद २०१९ मध्ये जाहीर झाली. अशा झाडाच्या शेंड्याजवळ बसलेला ओरांगउटान जमिनीवरून तांबूस ठिपक्याएवढा दिसतो. त्यामुळे ‘किती प्राणी दिसतील’ असे आयोजकाला विचारण्यापेक्षा ‘वर बघायला आपल्याला येते का’ हे स्वतःला विचारावे.

२. ठिकाणे समजून घेऊन मगच कार्यक्रमपत्रिका वाचा

साबाच्या पूर्व भागातील तीन ठिकाणे एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की त्यांतील एक पाहून दुसऱ्याची कल्पना येत नाही.

सेपिलोक हे सांडाकान शहराजवळ आहे. येथील ओरांगउटान पुनर्वसन केंद्र १९६४ पासून चालू आहे. अनाथ झालेली किंवा पाळणाऱ्यांकडून सोडवून आणलेली पिल्ले येथे वाढवून, झाडावर राहायला शिकवून शेजारच्या राखीव जंगलात सोडली जातात. सकाळी १० आणि दुपारी ३ वाजता फलाटावर फळे ठेवतात. एखाद्या दिवशी एकही ओरांगउटान येत नाही आणि पर्यटक चिडतात. परंतु ते आले नाहीत याचा अर्थ त्यांना जंगलातच पुरेसे खायला मिळते आहे, आणि केंद्राचा उद्देशही तोच आहे. शेजारीच सूर्य-अस्वलांचे केंद्र आहे आणि चालत जाण्याइतक्या अंतरावर उंच मार्गिकांचे रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटर आहे. माझ्या मते नवख्यांनी पहिली संध्याकाळ या मार्गिकेवरच घालवावी. पर्णछताच्या उंचीवर उभे राहून खाली पाहिले की पुढचे आठ दिवस वर काय शोधायचे आहे ते कळते. अंधार पडताना एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणारी तांबडी मोठी उडणखारही येथे बऱ्याचदा दिसते.

किनाबातांगान ही ५६० किलोमीटर लांबीची, साबातील सर्वांत मोठी नदी. सुकाऊ आणि बिलित या गावांजवळ नदीकाठी निवासस्थाने आहेत आणि सकाळ-संध्याकाळ होडीतून फिरायचे असते. सांडाकानहून तिकडे जाताना दोन-अडीच तास खिडकीबाहेर तेलताडांच्या लागवडीखेरीज फारसे काही दिसत नाही. गटातील कोणीतरी ‘जंगल कुठे आहे?’ असे विचारतेच. या लागवडीमुळेच प्राणी नदीकाठच्या अरुंद पट्ट्यात दाटीने राहतात आणि म्हणूनच ते आपल्याला सहज दिसतात, हे गटाला आधीच सांगून ठेवावे. हा पट्टा २००५ मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला. लांब नाकाची माकडे, ठेंगणे हत्ती, मगरी आणि बोर्निओतील धनेशाच्या आठही जाती या एका नदीवर दिसू शकतात.

डानुम व्हॅली हे ४३८ चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र लाहाद दातू या गावापासून कच्च्या रस्त्याने दोन-अडीच तासांवर आहे. इथले जंगल मूळचे, न तोडलेले आहे. प्राणी किनाबातांगानपेक्षा कमी दिसतात, पण वर्षावन म्हणजे काय हे इथेच कळते.

या तीन ठिकाणांचा क्रमही महत्त्वाचा आहे. सेपिलोक, मग नदी आणि शेवटी डानुम, असा क्रम असल्यास सोप्याकडून अवघडाकडे जाता येते. उलटा क्रम असलेली पत्रिका आली तर बदलून मागावी. सेपिलोकला दोन, नदीवर तीन आणि डानुमला तीन मुक्काम यांपेक्षा कमी वेळ असेल, तर एक ठिकाण सरळ गाळावे. आमच्या पहिल्या आयोजकाने नदीवर एकच मुक्काम ठेवला होता आणि त्या संध्याकाळी धो धो पाऊस झाला.

३. महिना ठरवताना शाळेच्या सुट्ट्यांकडे आणि ढगांकडे एकदमच पाहा

पूर्व साबात साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे सर्वाधिक पाऊस पडतो. दिवाळीची सुट्टी नेमकी या काळाच्या तोंडावर येते आणि नाताळची तर ऐन मध्यात. किनाबातांगानला पूर आला की होडीच्या फेऱ्या बदलतात आणि काही पायवाटा पाण्याखाली जातात. एप्रिल-मेची सुट्टी त्या मानाने चांगली. मार्च ते ऑक्टोबर हा काळ तुलनेने कोरडा असतो. ‘तुलनेने’ हा शब्द येथे गांभीर्याने घ्यावा, कारण पाऊस कुठल्याही दुपारी येऊ शकतो.

फळांचा हंगाम मात्र कोणालाही आगाऊ सांगता येत नाही. येथील डिप्टेरोकार्प कुळातील महावृक्ष दरवर्षी फुलत नाहीत; काही वर्षांच्या अनियमित अंतराने, बहुधा कोरड्या काळानंतर, ते एकाच वेळी बहरतात. ‘फळांच्या हंगामात नेतो’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आयोजकाकडून थोडे सावध राहावे.

४. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

उत्तरे लेखी घ्यावीत. एका निसर्ग-गाइडमागे किती माणसे असतील? सहापर्यंत उत्तम, आठ चालतील, बारा असतील तर शेवटच्या चौघांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. नदीवरील होडी फक्त आपल्या गटासाठी असेल की इतर पर्यटकांबरोबर? रात्रीची पायी फेरी आणि उद्यानांची प्रवेश शुल्के किमतीत धरली आहेत का? परदेशी पर्यटकांचे शुल्क स्थानिकांपेक्षा जास्त असते, त्यामुळे हा प्रश्न क्षुल्लक नाही. डानुमचा मुक्काम जंगलाच्या आत आहे की लाहाद दातू गावात राहून दिवसा ये-जा करायची आहे? पत्रिकेत दोन्हीसाठी ‘डानुम व्हॅली’ एवढेच लिहिलेले असू शकते, आणि पहाटेचे जंगल ज्यांना पाहायचे आहे त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आयोजक भारतातील असेल, तर पॅकेजच्या किमतीवर तो टीसीएसही (विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा करायचा आयकर) गोळा करतो. ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि आयकर विवरणपत्रात वळती करता येते किंवा परत मिळू शकते. त्यामुळे पॅन क्रमांक अचूक द्यावा आणि नंतर आयकर खात्याच्या करजमा पत्रकात (२६ एएस) नोंद आली का ते तपासावे.

५. कागदपत्रे

बरोबर ठेवायच्या गोष्टी पुढीलप्रमाणे:

- प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट आणि त्याची वेगळ्या पिशवीत ठेवलेली छायाप्रत
- परतीचे विमान तिकीट आणि प्रत्येक मुक्कामाच्या आरक्षणाची प्रत
- मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड भरल्याची पोच
- वैद्यकीय खर्च आणि तातडीने हलवण्याचा खर्च देणारी प्रवास विमा पॉलिसी
- नियमित औषधांची डॉक्टरांनी सही केलेली चिठ्ठी
- महागडा कॅमेरा किंवा लेन्स असल्यास बिल आणि अनुक्रमांक

भारतीय पासपोर्टधारकांना मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे. ही सवलत मुदतीची असून ती वाढवली जात आली आहे, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी ती चालू आहे का हे अधिकृत संकेतस्थळावर पाहावे. अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, प्रत्येक प्रवाशासाठी स्वतंत्रपणे भरावे लागते आणि ते विनामूल्य आहे. शोधयंत्रात पहिल्यांदा दिसणारी काही संकेतस्थळे त्यासाठी पैसे मागतात. ती मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याची नसतात. गटप्रमुखाने सर्वांची कार्डे भरून देणे सोयीचे वाटते, पण पासपोर्ट क्रमांकातील एक अंक चुकला तर खिडकीपुढे खोळंबा संपूर्ण गटाचा होतो. ज्याचे त्याने भरावे आणि दुसऱ्याने तपासावे.

नावाची गफलत आपल्याकडे विशेष होते. तिकिटावर लग्नानंतरचे नाव आणि पासपोर्टवर माहेरचे, किंवा मधले वडिलांचे नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असे प्रकार आमच्या अकरा जणांत तीन निघाले. पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने नाव तिकिटावर असावे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. साबाची इमिग्रेशन तपासणी स्वतंत्र आहे. क्वालालंपूरला शिक्का मारून झाल्यावर देशांतर्गत विमानाने साबात उतरलात, तरी तिथे पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून ती विमानात चढवू नये, आणि क्वालालंपूरला दोन विमानांमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे.

कॅमेऱ्यासाठी निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्स अधिकाऱ्यांकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावे. त्यासाठी अर्धा तास जास्तीचा धरावा. परत येताना ‘हा परदेशात घेतला का?’ या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर असते.

६. डॉक्टरांची भेट, निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी

डॉक्टरांना फक्त ‘मलेशिया’ असे सांगू नये; ‘बोर्निओचे जंगल, आठ रात्री’ असे सांगावे. साबात माकडांतून डासांमार्फत माणसात येणारा प्लास्मोडियम नोलेसी हा मलेरियाचा प्रकार आढळतो. तो वेगाने वाढतो, पण वेळीच ओळखला तर बरा होतो. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही हे प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार डॉक्टरच ठरवतील. धनुर्वाताची मात्रा आणि टायफॉइडची लस यांविषयीही त्याच भेटीत विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जळवांचा विषय आवर्जून काढावा. त्याचे कारण पुढे येईल.

७. वाट पाहण्याच्या महिन्यांत डोळ्यांची आणि मानेची तालीम

माझ्या दृष्टीने या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि त्याला वेळेशिवाय काहीच लागत नाही.

प्रथम दुर्बीण. प्रत्येकाकडे स्वतःची हवी. पतीपत्नींत एक, ही काटकसर जंगलात भांडणाचे कारण होते. अंधाऱ्या वर्षावनासाठी ८ गुणिले ४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची) ही दुर्बीण योग्य. त्याहून जास्त मोठे करून दाखवणारी घेतल्यास हात हलतो आणि दिसणारे क्षेत्रही अरुंद होते. दुर्बीण निघण्याच्या आठवड्यात घेऊ नये. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणणे ही एवढीच कृती शिकायची असते, पण ती हाताला बसायला महिना-दीड महिना लागतो. सोसायटीतल्या उंबरावर किंवा शाळेजवळच्या पिंपळावर रोज पंधरा मिनिटे सराव करावा. शेजारी चौकशी करतील; करू द्यावी.

दुसरी तालीम दिशा सांगण्याची. ‘तो बघ, तिकडे, त्या हिरव्या पानाच्या मागे’ या वाक्याचा वर्षावनात काहीही उपयोग नाही, कारण तिथे हिरव्या पानाखेरीज दुसरे काही नसते. गटाने एकत्र ठरवावे की होडीचे नाक म्हणजे बारा वाजता, आणि तिथून घड्याळाप्रमाणे दिशा सांगायची: ‘दोन वाजता, पांढरे खोड, दुसरी फांदी, टोकाकडे.’ निघण्यापूर्वी एक-दोन रविवारी सर्वांनी टेकडीवर जमून हा खेळ खेळून पाहावा. दुसऱ्या सहलीत आम्ही तळजाईला हेच केले. पहिल्या रविवारी एकमेकांवर चिडलो आणि तिसऱ्या रविवारी हळद्या पक्षी सात सेकंदांत सर्वांना दिसला.

तिसरी तालीम पर्णछताची. भीमाशंकरला शेकरू शोधावे. आधी हलणारी फांदी दिसते, मग लोंबणारी शेपूट आणि शेवटी प्राणी, हाच क्रम बोर्निओतही उपयोगी पडतो. तिथे तर शेकरूच्याच राटुफा या प्रजातीतील एक फिकट रंगाची मोठी खार भेटते, आणि घरचे कोणी भेटावे तसे वाटते. दांडेली किंवा गोव्याच्या बाजूला जाणे झाले, तर फळे लागलेल्या वडाखाली तासभर शांत बसून मलबारी कवड्या धनेश येण्याची वाट पाहावी. बोर्निओतील गाइडही हेच करतात. जंगलात फळांनी लगडलेले अंजिरवर्गीय झाड कोठे आहे याची बातमी त्यांच्यात सकाळीच फिरलेली असते, आणि ओरांगउटान व धनेश दोन्ही तिथेच सापडतात.

चौथी तालीम कानांची. बोर्निओच्या गिबनची पहाटेची साद आणि शिरस्त्राणधारी धनेशाचा आवाज हे दोन तरी ऐकून जावेत. या धनेशाची साद थांबत-थांबत ‘हूक, हूक’ अशी सुरू होते, वेग घेत जाते आणि शेवटी खदाखदा हसल्यासारखी फुटते. चोचीवरील भरीव शिंगासाठी शिकार झाल्यामुळे हा पक्षी आता अत्यंत संकटग्रस्त आहे. तो दिसेलच असे नाही, परंतु ऐकू आला आणि ओळखता आला तर तेही फार मोठे भाग्य. झेनो-कांटो या संकेतस्थळावर पुष्कळ पक्षी-आवाज विनामूल्य मिळतात. गिबनची साद व्हिडिओंतूनही ऐकता येते.

या काळात थोडी मलायही कानांवरून जाऊ द्यावी. भाषेला ‘बहासा’, राजाला ‘राजा’, हत्तीला ‘गजाह’. होडीवाला हलक्या आवाजात ‘गजाह’ म्हणाला, तेव्हा इतर देशांचे पर्यटक गाइडकडे पाहत राहिले आणि आमचा मराठी गट आधीच दुर्बिणी उचलून काठाकडे वळला होता. ‘हुतान’ म्हणजे जंगल आणि ‘ओरांग’ म्हणजे माणूस. लांब नाकाच्या माकडाला मात्र तिथे ‘मोन्येत बेलांडा’ म्हणजे डच माकड म्हणतात. त्यामागचा विनोद समजायला भाषा यावी लागत नाही.

८. सामान: कमी, हलके आणि लवकर वाळणारे

जीन्स नेऊ नये. ती एकदा भिजली की सहल संपेपर्यंत वाळत नाही. पूर्ण बाह्यांचे पातळ शर्ट, लवकर वाळणाऱ्या पँट, पावसाचा सैल पोंचो, डोक्याला लावायची विजेरी आणि तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर एवढे पुरते. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातील सामानातच ठेवाव्यात. पायांत काय घालावे यावर आपल्याकडे फार चर्चा होते. तेथील गाइड खिळ्यांच्या तळव्याचे काळे रबरी बूट घालतात आणि त्यांना गमतीने ‘अडिडास कांपुंग’, म्हणजे खेड्यातले अडिडास म्हणतात. महागडे ट्रेकिंगचे बूट चिखलातून ओले होऊन जड झाले, तेव्हा आम्हाला त्या बुटांचा हेवा वाटला.

जळवा हा आंबोली-कोयनेकडच्या मंडळींना नवा विषय नाही. फरक एवढाच की बोर्निओत जमिनीवरच्या तपकिरी जळवेबरोबर पट्टेरी ‘टायगर’ जळूही असते, जी कंबरेइतक्या उंचीच्या पानांवर बसून वाट पाहते आणि चावल्याचे चांगलेच जाणवते. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे घ्यावेत, पँट त्यांत खोचावी आणि शर्ट पँटमध्ये. जळू लागलीच, तर मीठ, तंबाखू किंवा पेटती काडी वापरू नये. त्यामुळे ती पोटातले जखमेत ओकण्याची शक्यता असते. नखाची कड त्वचेला समांतर धरून तिचे तोंड बाजूला सरकवावे. रक्त गोठू न देणारा पदार्थ ती सोडत असल्यामुळे जखम काही तास ठिबकत राहते. निरोगी माणसाला यातून काही होत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला पाळावा.

कॅमेऱ्याची खरी शत्रू ही दमट हवा. वातानुकूलित खोलीतून पहाटे एकदम बाहेर आले की लेन्सवर बाष्प धरते आणि ते निवळेपर्यंत होडी सुटलेली असते. रात्री कॅमेऱ्याची पिशवी बंद करून न्हाणीघरात किंवा झाकलेल्या व्हरांड्यात ठेवावी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

९. जेवणाविषयी आधी बोलावे

शाकाहारी मंडळींसाठी मोठा धोका भाजीतच असतो. ‘बेलाचान’ ही कोळंबीची आंबवलेली चटणी पालेभाजीतही घालतात आणि स्वयंपाक्याच्या दृष्टीने ती भाजी भाजीच राहते. ‘शाकाहारी’ एवढेच न कळवता मांस, मासे, कोळंबी, बेलाचान आणि लागू असेल तर अंडे नको, अशी नावानिशी यादी आयोजकामार्फत प्रत्येक मुक्कामाला आधीच पाठवावी. भात सगळीकडे मिळतो, त्यामुळे मेतकूट आणि दाण्याची चटणी नेलेल्यांची पाचही बोटे तुपात असतात. खाऊ मात्र खोलीत उघडा ठेवू नये. आमच्या एका खोलीतील चिवड्याचा डबा लांब शेपटीच्या माकडांनी खिडकीतून नेला, आणि तो परत मिळवण्याच्या प्रयत्नात चावा घेतला गेला असता तर रेबीजची इंजेक्शने घ्यावी लागली असती.

१०. होडीत आणि पायवाटेवर

किनाबातांगानवरील फेऱ्या सकाळी सहाच्या आणि दुपारी चारच्या सुमारास निघतात. सूर्यास्त सहा-साडेसहालाच होतो आणि लांब नाकाची माकडे झोपण्यासाठी त्याआधी नदीकाठच्या झाडांवर येऊन बसतात. म्हणून दुपारच्या चहाला उशीर करणारा सर्वांचे नुकसान करतो. घड्याळे भारतापेक्षा अडीच तास पुढे असतात, तेव्हा पहिल्या पहाटे साडेपाचला उठणे म्हणजे शरीराच्या हिशेबाने रात्री तीनला उठणे. पहिल्या रात्री गप्पांची मैफल टाळावी.

होडीतील पुढच्या जागा फेरीगणिक बदलण्याचा नियम मुंबई विमानतळावरच ठरवावा. नदीवर ठरवायला गेल्यास वाईटपणा येतो. प्राणी दिसताच उभे राहू नये, फ्लॅश वापरू नये आणि आनंदाने ओरडू नये. हत्तींचा कळप पाणी पिताना दिसला की मराठी माणसाच्या तोंडून ‘अगं बाई’ किंवा ‘अरे बापरे’ बाहेर पडतेच, हे मला मान्य आहे. ते कुजबुजीत म्हणता येते.

डानुमच्या पायवाटेवर गाइडच्या मागे पाच पावलांवर राहावे आणि तो थांबला की जागेवरच थांबावे. तो वर पाहत असेल तर बहुधा ओरांगउटानचे घरटे शोधत असतो. हा प्राणी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवे अंथरूण तयार करतो आणि हिरवी पाने असलेले ताजे घरटे दिसले, तर त्याचा मालक फार दूर नसतो. अशा वेळी चाळीस मिनिटे उभे राहावे लागते. मान दुखते. पाठीखाली पोंचो अंथरून जमिनीवर आडवे होण्याची युक्ती आमच्यातील सत्तरीच्या एका काकूंनी काढली आणि जळवांची भीती बाजूला सारून निम्मा गट त्यांच्या शेजारी आडवा झाला. मादी आणि तिचे पिल्लू आम्हाला त्याच अवस्थेत दिसले.

११. परत आल्यावर

पुढील काही आठवड्यांत कोणालाही ताप आला, तर ‘हवा बदलली’ म्हणून घरी क्रोसिन घेत बसू नये. त्याच दिवशी रक्त तपासावे आणि डॉक्टरांना बोर्निओच्या जंगलात राहून आल्याचे सांगावे, कारण मलेरिया आणि डेंगू या दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात. दुर्बीण आणि लेन्स दोन दिवस पंख्याखाली उघड्या ठेवाव्यात. बुटांच्या तळव्यातील माती खरवडून मगच ते पुढच्या ट्रेकला वापरावेत, म्हणजे तिकडचे बी-बियाणे आपल्या सह्याद्रीत जाणार नाही. जळूमोजे थंड पाण्यात भिजवावेत. गरम पाण्यात टाकले तर रक्ताचे डाग पक्के बसतात.